पाटी काढा, जागा ठरवा : वसाहतीच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
रहिवासी संघ, इंदूर

विषय : मृत पाळीव प्राणी वसाहतीच्या आवारात पुरण्यास घातलेली मनाई

सप्रेम नमस्कार.

गणेश विसर्जनानंतरच्या आठवड्यात बागेच्या मागच्या भिंतीवर जी नवी पाटी लागली, तिच्यावर 'येथे मृत प्राणी पुरण्यास सक्त मनाई आहे, आढळल्यास ५०० रुपये दंड' असे लिहिले आहे. मासिक सभेच्या इतिवृत्तात या पाटीचे कारणही नोंदवलेले आहे. कोणा अज्ञात रहिवाशाने बागेत मांजर पुरले, तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी ते उकरून काढले आणि सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांना व शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांना ते पाहावे लागले, असे त्यात म्हटले आहे. तो अज्ञात रहिवासी मी आहे. दंड मी खजिनदारांकडे भरला असून पावतीही घेतली आहे, आणि आता झाकण्यासारखे काही उरले नसल्यामुळे या विषयावर मोकळेपणाने लिहिता येईल असे वाटते. पत्र खुले ठेवले आहे ते एवढ्यासाठी की, आपल्याकडे ज्या ज्या घरांत मांजर, ससा, गिनीपिग, लव्हबर्ड किंवा नुसती माशांची टाकी आहे, त्या प्रत्येक घरावर ही वेळ येणार आहे, आणि ती आल्यावर विचार करायला सवड मिळत नाही, हे मी नुकतेच अनुभवले आहे.

आमची ठकी चौदा वर्षांची होती. मूत्रपिंडे निकामी झाली होती, तेव्हा ती जाणार हे महिनाभर आधीपासून ठाऊक होते. श्रावणातल्या एका संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ती गेली. डॉक्टरांना कळवले तेव्हा त्यांनी सहज विचारले, "आता पुढचं काय करणार?" आणि आम्हा नवराबायकोपैकी कोणाजवळच उत्तर नव्हते. तिचे खाणे, तिच्या लशी, आम्ही गावाला गेलो की तिला कोणाकडे ठेवायचे, सगळ्याची व्यवस्था चौदा वर्षे चोख होती, एवढी एकच गोष्ट सोडून.

त्या रात्री झालेल्या चुका मी क्रमाने सांगतो, कारण त्यांतली प्रत्येक टाळता येण्यासारखी होती. पहिली चूक वेळेची. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरते. त्याआधीच पाय पोटाशी घेऊन, शेपटी गुंडाळून, प्राणी झोपताना जसा वेटोळे करतो तसे त्याला ठेवायला हवे. आम्ही मुलीला फोन करत बसलो. रात्री दहाला सौभाग्यवतींनी जुन्या सुती पातळाचा तुकडा आणला तेव्हा ठकी लांबच लांब, लाकडासारखी झाली होती. बुटांचे खोके पुरेना, मिक्सरचेही पुरेना. साहजिकच खड्डा लांब खणावा लागला, आणि जेवढा तो लांब झाला तेवढा उथळ राहिला.

दुसरी चूक मातीची, आणि तिची मला सर्वांत जास्त लाज वाटते, कारण माझी सारी नोकरी मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेली. माळव्याची काळी माती पावसात कशी वागते हे मी शेकडो शेतकऱ्यांना समजावले असेल. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते. भर पावसात फावडे मारले की ते मातीत शिरते, पण बाहेर येताना पात्यावर दीड-दोन किलोचा गोळा घट्ट बसलेला असतो. तो खुरप्याने खरवडून काढायचा, मग पुढचा घाव घालायचा. सौभाग्यवतींनी डोक्यावर छत्री धरली होती आणि दुसऱ्या हातात बॅटरी. फूटभर खाली गेल्यावर खड्ड्याच्या कडांतून पाणी पाझरू लागले आणि बघता बघता तळाला चार बोटे साचले. मी तिथेच थांबलो. ओली ढेकळे जशी होती तशी वर लोटली. ती दबली नाहीत, त्यांच्यात फटी राहिल्या, वर दगड ठेवण्याचे भान राहिले नाही. कुत्र्यांना आणखी काय हवे असते?

तिसऱ्या दिवशी सकाळी माळ्याने ते आवरले. हातात मोजे नव्हते. महापालिकेची गाडी आली, पोत्यात घालून ठकीला घेऊन गेली, आणि मी हे सगळे वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून पाहिले व खाली उतरलो नाही. पातळाचा निळ्या काठाचा तुकडा मेंदीच्या कुंपणात दोन दिवस अडकून होता. गेल्या आठवड्यात मी माळ्याची माफी मागायला गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "बाबूजी, एक बार बोल तो देते." मला वाटते की आपल्या पाटीवर आज जे लिहिलेले आहे, ते वाचून पुढचा रहिवासीही त्याला काही बोलणार नाही. तो रात्री दहाऐवजी एक वाजता येईल, आणि घाईमुळे माझ्याहूनही उथळ खणेल. माझा या पाटीला आक्षेप आहे तो एवढाच.

आता, पुरायचे नसेल तर काय करायचे, याचा विचार करू. सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग म्हणजे कचरागाडी. आपले शहर २०१७पासून स्वच्छतेत देशात पहिले येत आले आहे, आणि घरोघरी कचरा सहा प्रकारांत वेगळा करून देण्याची सवय आपल्याला लागली आहे. ओला कचरा देवगुराडियाजवळच्या प्रकल्पात जातो. २०२२ साली सुरू झालेल्या त्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ५५० टनांची आहे आणि त्यात ओल्या कचऱ्यापासून वाहनांसाठी गॅस तयार होतो. भाजीच्या देठांसोबत काळ्या पिशवीत गुंडाळलेला ससा त्या गाडीत टाकणारी माणसे आहेत, हे मला कचरा उचलणाऱ्या मुलानेच सांगितले. ती पिशवी कोणीतरी हाताने उघडते. प्राणी कोणत्या रोगाने मेला हे त्या माणसाला कळत नाही. सहाही कप्प्यांत मेलेल्या मांजराची जागा नाही.

महापालिकेला कळवून मृत प्राणी उचलून नेण्यास सांगणे हा मात्र सरळ आणि कायदेशीर मार्ग आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. दारात निरोप द्यावा, कापडात व्यवस्थित गुंडाळून द्यावे, गाडीवाल्याला प्राणी कोणत्या आजाराने गेला ते सांगावे. सदनिकेत मोठा कुत्रा पाळणाऱ्या घराला आज तरी याहून वेगळी सोय आवारात मिळणे शक्य नाही, आणि पंचवीस-तीस किलोचा देह बागेत पुरण्याची परवानगी कार्यकारिणीने कोणालाही देऊ नये, असेच माझे मत आहे. प्राण्याला रेबीज असल्याचा थोडासाही संशय असेल, तो अचानक व कारणाशिवाय मेला असेल, किंवा पिंजऱ्यातले पक्षी एकामागून एक मरत असतील, तर पुरण्याचा विचारच नको. आधी पशुवैद्याला आणि महापालिकेला कळवावे. कारण शोधायचेच असेल तर महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

नदीचे नावही कोणी काढू नये. मागच्या सभेत एका गृहस्थांनी 'वाहत्या पाण्यात सोडून द्यावे' असे सुचवल्याचे ऐकले. आपल्या कान्ह आणि सरस्वती या नद्यांत आधीच पुरेसे सोडून झाले आहे, आणि कान्हचे पाणी पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, जिथे २०२८ साली सिंहस्थासाठी लक्षावधी लोक स्नानाला येतील.

खताच्या खड्ड्याची सूचना अधिक विचारपूर्वक आलेली होती, म्हणून तिला उत्तर देतो. कंपोस्टच्या ज्या पद्धतीला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात, ती याच शहरात, १९२४ साली स्थापन झालेल्या वनस्पती-संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवली, आणि पालापाचोळा, शेण व माती यांचे थर देऊन वरखाली करण्याचे ते तंत्र मी स्वतः वर्षानुवर्षे शिकवले आहे. मेलेल्या जनावरांचेही कंपोस्ट करता येते. परदेशातल्या पशुपालकांकडे ते होते. पण त्याला लाकडाच्या भुशाचा जाड थर, ढिगाचा मोठा आकार आणि आतली उष्णता ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकणे, या तिन्ही गोष्टी लागतात. आपला खड्डा चार फुटांचा, त्यात हारांची निर्माल्ये आणि आंब्याची पाने. त्यात मांजर घातले तर खत होणार नाही, घुशी होतील.

दहन हा खरा दूरचा उपाय आहे, आणि इथे कार्यकारिणीने वसाहतीबाहेर पाहायला हवे. मुंबई महापालिकेने २०२३ साली मालाडला लहान प्राण्यांसाठी नळाच्या गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली. धूर नाही, लाकूड नाही, आणि मांजराएवढ्या देहाचे काम लवकर उरकते. स्मशाने आणि दाहिन्या, तसेच प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध, हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवण्याजोग्या कामांत शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. म्हणजे मागणी कोणाकडे करायची याबद्दल संदिग्धता नाही. परदेशात काही ठिकाणी अल्कली घातलेल्या गरम पाण्यात देह विरघळवण्याची पद्धतही आली आहे, पण ती आपल्या शहरात येईल तेव्हा पाहू. दहनाची सोय कोणीही करो, सरकारी किंवा खासगी, एक प्रश्न आधी विचारून घ्यावा : दहन एकट्याचे की चार-पाच देहांचे एकत्र? एकत्र असेल तर राख मागण्यात अर्थ नाही. आणि एकट्याचे असले तरी राख किती मिळते, याची कल्पना असावी. देहाच्या वजनाच्या तीन-चार टक्के, म्हणजे ठकीसारख्या साडेतीन किलोच्या मांजरीची जेमतेम वाटीभर, लव्हबर्डची चमचाभरही नाही. ही राख झाडाला घालायची असेल तर ती अल्कधर्मी असते आणि आपली माती मुळातच त्या बाजूला झुकलेली, तेव्हा कोवळ्या रोपाच्या बुंध्याशी एकदम ओतू नये, भरपूर शेणखतात मिसळून पसरावी.

अगदी लहान जीवांसाठी वसाहतीची परवानगी लागण्याचेही कारण नाही. बजरीगार ३०-४० ग्रॅमचा असतो. हॅमस्टर, मासा, पाखरू यांना गच्चीवरची दीड फुटी कुंडी पुरते : तळाशी विटांचे तुकडे, मग अर्धी कुंडी माती, त्यावर कागदात किंवा सुती रुमालात गुंडाळलेला देह, वर किमान वीतभर माती आणि मांजराने उकरू नये म्हणून सपाट दगड. मोगरा चांगला येतो. तुळस लावू नये, असे आमच्या घरातले मत आहे, आणि मी वाद घातलेला नाही. पक्ष्याच्या पिसांवर व वाळलेल्या विष्ठेच्या धुळीत माणसाला होणाऱ्या आजाराचे जंतू असू शकतात, म्हणून पिसे थोडी ओली करून, नाकातोंडाला कापड बांधून हे काम करावे. जाता जाता एक सांगतो, नाराज होऊ नये. आपल्याकडे दोन घरांत राघू आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पाळायला बंदी आहे, त्यामुळे त्याच्या अंतिम व्यवस्थेपेक्षा त्याच्या आजच्या पिंजऱ्याचा विचार आधी व्हावा.

राहतात ती मांजरे, ससे, गिनीपिग आणि पाच किलोंच्या आतली कुत्री. यांच्यासाठी मी बागेत जागा मागतो आहे. बागेचा मागचा सखल पट्टा, जिथे मी खणले, तो यासाठी सर्वांत वाईट आहे, कारण सगळ्या बागेचे पाणी तिथे उतरते. पाण्यात बुडालेल्या, हवा न पोचणाऱ्या मातीत देह नीट कुजतही नाही, त्यातल्या चरबीचे साबणासारखे मेण होऊन तो वर्षानुवर्षे राहू शकतो. जुन्या पंपघरामागचा उंचवटा चांगला आहे. तिथे बांधकामाच्या वेळी मुरूम पडला होता, पाणी थांबत नाही, आणि बोअर तिथून शंभर फुटांहून लांब आहे. पावलांनी मोजले आहे.

खोली अडीच फूट असावी, तीन झाली तर उत्तम. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन फुटांवर काही पुरले असेल तर त्या भेगांतून वास वर येतो, आणि मुंगसालाही तो कळतो. म्हणून भरताना निव्वळ काळी माती न घालता तिच्यात निम्मा मुरूम मिसळावा, थोडी थोडी टाकून पायाने दाबावी, आणि वर कोटा फरशीचा एखादा मोठा तुकडा ठेवावा. देह सुती कापडात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात असावा. प्लास्टिक, नायलॉनचा गळपट्टा, स्वेटर यांतले काही आत जाऊ नये. मीठ आणि चुना टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. चुन्याने वास दबतो हे खरे, पण चुना देह 'जाळतो' हा समज चुकीचा असून, चुन्याने कुजणे उलट लांबते असे प्रयोगांत दिसले आहे. मिठाचे काम तर लोणच्याच्या बरणीत आपण रोज पाहतो. आणि प्राण्याला डॉक्टरांनी यातनांतून सोडवण्यासाठी भुलीच्या औषधाची शेवटची सुई दिली असेल, तर ते औषध देहात राहते व तो उकरून खाणारे कुत्रे, घार, कावळा यांनाही बाधू शकते. तिथे खोलीची आणि फरशीची सवलत मुळीच नसावी. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे त्यांची मढी खाणारी गिधाडे कशी मरत गेली आणि २००६ साली त्यावर बंदी का आणावी लागली, हे आपण सर्वांनी वाचले आहे.

मुख्य अडचण पावसाळ्याची. मरण हिवाळ्यापर्यंत थांबत नाही, आणि आषाढ-श्रावणात या मातीत अडीच फूट खणणे कोणालाच शक्य नाही, हे मी स्वखर्चाने सिद्ध केले आहे. म्हणून दोन खड्डे उन्हाळ्यातच खणून, त्यांच्यावर काठ उचललेली जड फरशी बसवून तयार ठेवावेत, आणि निघालेली माती मुरूम मिसळून पोत्यांत भरून पंपघरात कोरडी ठेवावी. एखादे वर्ष ते तसेच राहिले तर आनंदच आहे. माळ्याला या कामाचे वेगळे पैसे आणि रबरी मोजे द्यावेत, आणि त्याला नको असेल तर त्याच्यावर सक्ती नसावी. चौकीदाराकडे एक साधी वही असावी : तारीख, कोणता प्राणी, कोणती जागा. घराचा क्रमांक लिहायचीही गरज नाही. तीन वर्षे ती जागा पुन्हा उघडली जाऊ नये, एवढाच त्या वहीचा उपयोग. हे सारे सुरू करण्यापूर्वी महापालिकेच्या आरोग्य विभागाची लेखी संमती घ्यावी, अर्जाचा मसुदा मी करून देतो.

दोन आक्षेप माझ्या कानावर आले आहेत. एक सोयरसुतकाचा. बागेतल्या दत्तमंदिराजवळ हे नको, असे काहींचे म्हणणे आहे, आणि पंपघर मंदिराच्या अगदी दुसऱ्या टोकाला असल्याने त्याला उत्तर जागेनेच मिळते. जनावराचे सुतक धरत नाहीत, आंघोळ केली की झाले, असे आमच्या आजीचे सांगणे होते. दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, तेव्हा त्यांची फारशी हरकत असेल असे मला वाटत नाही. दुसरा आक्षेप चेष्टेचा : 'आता काय मांजरीची समाधी बांधायची?' समाधी मी मागत नाही, नावाची पाटीही नको, पण विचारलेच आहे म्हणून सांगतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. रायगडावर १९३६ साली वाघ्याचे जे स्मारक उभे राहिले, त्याला आपल्या इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचे पैसे लागले होते. त्या स्मारकाच्या ऐतिहासिक खरेपणाचा वाद चालू आहे आणि त्यात मी पडत नाही. कुत्र्याला जागा देण्याची कल्पना या गावाला नवी नाही, इतकेच.

तेव्हा कार्यकारिणीला विनंती अशी की, भिंतीवरची पाटी काढून तिथे 'परवानगीसाठी चौकीदाराला भेटावे' एवढीच ओळ लिहावी, पंपघरामागची पंधरा बाय दहा फुटांची जागा यासाठी राखावी, आणि लहान प्राण्यांच्या गॅस दाहिनीसाठी महापालिकेला पाठवायच्या निवेदनावर सह्या घेण्याचा विषय येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. शेजारच्या तीन वसाहतींतल्या लोकांशी मी बोललो आहे, तेही सह्या देतील.

रविवारच्या सभेला मी जागेचा नकाशा घेऊन येतो. ठराव झाला तर पहिले दोन खड्डे माळ्याच्या बरोबरीने खणायला मी स्वतः उभा राहीन, पण ते काम मार्गशीर्षाच्या आत काढू नये. परवा पंपघरामागे सळई घालून पाहिली, माती अजून आतून ओली आहे.

आपला नम्र,
मागच्या गल्लीतला एक रहिवासी